रोजचेंच होतें, म्हणून राहून गेलें

आमच्या घरीं लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यांत छायाचित्रांचे चार संग्रह आहेत. जाड काळ्या पानांचे, दोन पानांमध्यें तलम कागद घातलेले आणि प्रत्येक छायाचित्राच्या कोंपऱ्यांवर चिमुकले कागदी त्रिकोण बसविलेले. माहेरवाशिणी जमल्या, दुपारचीं जेवणें आटोपलीं, म्हणजे ते बाहेर निघतात आणि दोन तास कसे निघून गेले हें कोणास कळत नाहीं. मागें एकदां असाच दरबार भरला असतां आमच्या नातीनें चारहि संग्रह शेवटपर्यंत पाहून एक साधाच प्रश्न केला, "आजोबा, आपल्या जुन्या वाड्याचा फोटो कुठं आहे?"

आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें पहिला संग्रह उघडला, मग दुसरा, मग उरलेले दोन. मुंजी होत्या, लग्नें होतीं, बारशीं होतीं, एक एकसष्टी होती. वाडा मात्र कोठेंच नव्हता. म्हणजे होता, परंतु तुकड्यातुकड्यांनीं होता. एका मुंजींत बटूच्या पाठीमागें चौकांतला एक खांब, एका लग्नांत व्याह्यांच्या फेट्याआडून डोकावणारी तुळशीवृंदावनाची एक कड, आणि एका बारशाच्या चित्रांत अर्धा झोंपाळा. संगमनेरचा तो वाडा उतरविला त्याला आज कित्येक वर्षें झालीं. ज्या चौकांत आमच्या मातोश्रींनीं पन्नास वर्षें पहांटे उठून सडा घातला, त्या चौकाचें, त्या वेळेचें, त्या कोंवळ्या उन्हाचें एकहि चित्र आमच्यापाशीं नाहीं. स्वतः मातोश्रींचीं छायाचित्रें सहा आहेत. आणि सहाहि ठिकाणीं त्या शालू नेसून, नाकांत नथ घालून, कोणी दम भरल्याप्रमाणें ताठ उभ्या आहेत.

नातीला काय सांगावें हें आम्हांस सुचेना. अखेर आम्हीं म्हणालों, "अग, तो रोजचाच होता ना! त्याचा फोटो कोण काढणार?"

हें उत्तर दिल्यावर आमचें आम्हांसच वाईट वाटलें. प्रस्तुत लेखाचा उगम त्या वाईट वाटण्यांत आहे.

कॅमेरा आणि समारंभ

आमच्या आधींच्या पिढीला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. मध्यम स्थितींतील घरांत कॅमेरा आला तोच मुळीं उशिरां. आमच्या घरीं जो पहिला आला तो 'आगफा क्लिक थ्री' या जातीचा, काळा चौकोनी डबा होता. त्याच्या एका फितींत अवघीं बारा चित्रें निघत. फीत विकत घ्यावयाची, ती धुवून घ्यावयाची, पुन्हां तिचे कागद छापून घ्यावयाचे; या तिहेरी खर्चामुळें बारांपैकीं एक चित्र अंगणांतल्या दंवावर खर्च करणें म्हणजे शुद्ध उधळपट्टी ठरली असती. बारा चित्रें म्हणजे बारा पाहुणे, असा तो हिशेब होता, आणि त्या काळीं तो बरोबरहि होता.

परंतु मौज अशी कीं, या कलेचा जन्म मात्र समारंभांत झालेला नाहीं. जगांतील जें सर्वांत जुनें कॅमेऱ्याचें चित्र आज टिकून आहे, तें फ्रान्समधील नीप्स नांवाच्या गृहस्थानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खेड्यांतील घराच्या खिडकींतून घेतलें. त्यांत राजा नाहीं, राणी नाहीं, लग्न नाहीं. शेजारचीं छपरें, कबुतरखान्याचा मनोरा, एक झाड आणि आकाश. म्हणजे त्याला रोज सकाळीं खिडकी उघडली कीं जें दिसे तेंच. कित्येक तास ऊन खात बसलेल्या त्या पत्र्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंस ऊन पडल्याचें दिसतें, कारण चित्र पुरें होईपर्यंत सूर्य एका बाजूचा दुसऱ्या बाजूस गेला होता!

आपल्याकडेहि ही विद्या फार मागाहून आली असें नाहीं. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. पुढें नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरीं १८७० त जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं तर कमालच केली. १९१२ सालीं इंग्लंडांतून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर त्यांनीं पहिला प्रयोग कशावर करावा? कुंडींत लावलेल्या बीजावर! रोज थोडथोडें चित्रण करून सुमारें महिनाभराची वाढ त्यांनीं पडद्यावर क्षणांत दाखविली. बी फुटलें, कोंब वर आला, वेल चढूं लागली. 'अंकुराची वाढ' या त्या चिमुकल्या चित्रानें भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. सगळ्या हिंदी चित्रपटसृष्टीच्या मुळाशीं घरांतली एक कुंडी आहे, ही गोष्ट आमच्या नातीला सांगितली तेव्हां तिचे डोळे विस्फारले. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि तेव्हांच शुद्धीवर आलों. आतां फितीचा खर्च राहिलेला नाहीं. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आहे. मग आमची दृष्टि अजून बारा चित्रांच्या काटकसरींतच कां अडकून पडावी?

धुंधुरमासाचा योग

आम्हीं आरंभ केला तो धुंधुरमासांत. डिसेंबरच्या मध्यास सूर्य धनु राशींत गेला कीं संक्रांतीपर्यंत आमच्या घरीं निदान एखादा दिवस तरी सूर्योदयाच्या वेळीं नैवेद्य दाखवून खिचडी, बाजरीची भाकरी व लोणी असें पहांटेचें जेवण करण्याचा परिपाठ आहे. त्या निमित्तानें घर अंधारांतच जागें होतें. तेव्हां जागे झालोंच आहों, तर रोज प्रवरेपर्यंत जाऊन यावें आणि जें दिसेल त्याचें चित्र घ्यावें, असा नेम केला.

हिंवाळाच कां, याचें उत्तर पंचांगांत आहे. संगमनेर हें साडेएकोणीस अंशांच्या किंचित् वर, उत्तर अक्षांशावर वसलेलें आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यानंतर आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारीं थेट माथ्यावर येतो. सांवली पायांखालीं लपते आणि सारें रान पांढरें, सपाट, निर्जीव दिसूं लागतें. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास ऐन मध्यान्हींहि तो क्षितिजापासून सुमारें ४७ अंशच वर चढतो. म्हणजे दुपारीं बारा वाजतांहि माणसाची सांवली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी असते. अकरा तासांचा दिवस, आणि सबंध दिवसभर ऊन तिरपें! तिरप्या उन्हांत ढेकळाला ढेकळाची, पानाला शिरेची आणि भिंतीला पोपड्याची सांवली मिळते. वस्तूला गोलाई येते ती या सांवलीमुळेंच. चित्रकार जें रंगांनीं साधतो तें हिंवाळ्यांत सूर्य फुकट करून देतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. दिवस डिसेंबरच्या अखेरीपासून वाढूं लागतो खरा, पण सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत थोडथोडा उशिराच होत जातो. वाढ होते ती संध्याकाळच्या बाजूनें. म्हणून संक्रांतीच्या आसपास आमच्यासारख्या आळशी मनुष्यालाहि सात वाजतां निघून उगवतीचें ऊन गांठतां येतें.

नदी श्वास घेते

गांवाचें नांवच मुळीं संगमावरून पडलें आहे. रतनगडाच्या कुशींत उगम पावलेली प्रवरा आणि तिला येऊन मिळणारी म्हाळुंगी यांचा हा संगम. प्रवरेचें पाणी आतां केवळ पावसावर अवलंबून नाहीं. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांतून व खालच्या निळवंड्याच्या धरणांतून आवर्तन सुटलें म्हणजे नदी भरून वाहते. आवर्तन संपलें म्हणजे ती खडकाखडकांतून डबकीं ठेवून सरकते. छायाचित्रकाराला दोन्ही रूपें सारखींच प्रिय असावीं. भरल्या नदींत आकाश दिसतें, आणि ओसरलेल्या नदींत गोट्यांवरचें शेवाळ दिसतें.

पहिल्याच सकाळीं आम्हीं जें पाहिलें तें जन्मभर पाहत आलों होतों, पण कधीं पाहिलें नव्हतें. नदीच्या पाण्यांतून वाफ निघत होती! रात्रभरांत हवा गारठते; पाणी मात्र आपली ऊब लवकर सोडीत नाहीं. त्या उबदार पाण्यावरची ओलसर हवा वरच्या थंड हवेंत मिसळली कीं तिच्यांतील बाष्प गोठून बारीक कण बनतात आणि पाण्यावर हातभर उंचीचें पांढरें धुकें रांगूं लागतें. बायका कपडे धुण्यास येऊन पाण्यांत उतरल्या तेव्हां त्यांचे पाय दिसेनात. त्या जणूं ढगावर उभ्या होत्या.

तशीच गंमत धुराची. पलीकडच्या वस्तींतल्या चुलींचा धूर सरळ वर न जातां घरांच्या वर थोड्या उंचीवर एखादी पट्टी ओढावी तसा आडवा पसरला होता. हिंवाळ्यांत पहांटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा अधिक उबदार असते. त्या उबदार थराशीं जाऊन पोंचला कीं धूर अडतो आणि तेथेंच अंथरला जातो. ऊन चढलें, जमीन तापली, कीं ती पट्टी मोडते. ही सगळी शोभा जेमतेम अर्धा तास टिकते. नदीकांठीं पोंचल्यावर चष्मा पुसण्यांत आम्हीं त्यांतलीं दहा मिनिटें घालविलीं, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे.

दंव कीं आणखी कांहीं?

नदीवरून परततांना वाटेंत एका ओळखीच्या शेतकऱ्याचें रान लागतें. गव्हाची हिरवी लव्हाळी, पलीकडे शाळू, बांधाकडेला हरभरा. आम्हीं गुडघे टेकून गव्हाच्या पातीसमोर कॅमेरा धरला तेव्हां तो गृहस्थ चारीचें दारें मोडून आला, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ह्याचा काय फोटू काढायचा? रोजचंच हाये."

आमच्या नातीला दिलेलें आमचेंच उत्तर आम्हांस शेताच्या बांधावर परत मिळालें!

वाचकांनीं एकवार गव्हाच्या पातीकडे जवळून पाहावें. तिच्या सपाट अंगावर जे अतिशय बारीक, सारख्या आकाराचे कण असतात तें खरें दंव. निरभ्र व निवांत रात्रीं पानें आपली उष्णता आकाशाकडे सोडतात, भोंवतालच्या हवेपेक्षांहि थंड होतात, आणि हवेंतलें बाष्प त्यांच्यावर थिजतें. म्हणूनच अभ्राच्छादित रात्रीं किंवा वारा सुटला असतां दंव फारसें पडत नाहीं. परंतु पातीच्या अगदीं टोंकावर जो एकच टपोरा मोती लोंबतो, तो पुष्कळदां दंवाचा नसतोच. मुळांनीं रात्रीं ओढलेलें पाणी हवेंत उडून जाण्यास वाव न मिळाल्यामुळें तें पातीच्या टोंकावरील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतें. तो आकाशाचा थेंब नव्हे, जमिनीचा आहे. त्या थेंबांत डोळा घालून पाहिलें तर समोरचें झाड, बांध, आणि उगवता सूर्य हीं सगळीं उलटीं टांगलेलीं दिसतात. कारण थेंब म्हणजे एक भिंगच होय.

हरभऱ्याची तऱ्हा तर आणखी निराळी. त्याच्या पानांवरील सूक्ष्म केंसांतून आंबट द्रव पाझरतो. हीच ती आंब. आमच्या लहानपणीं रात्रीं हरभऱ्याच्या पिकावर स्वच्छ धडपें पसरून ठेवीत आणि पहांटे तें दंवानें व आंबेनें ओलें झालें कीं पिळून बाटलींत भरीत. पोटदुखीवर ती घरोघरीं देत असत. आज ती बाटली कोणाच्या फडताळांत असेल असें वाटत नाहीं. निदान त्या चमचमणाऱ्या पानांचें एक चित्र तरी फडताळांत असावें.

थेंबांचा नाद लागलेला मनुष्य वेडा ठरतो, अशी भीति कोणास वाटत असेल तर त्यानें अमेरिकेंतील विल्सन बेंटले या शेतकऱ्याची हकीकत ध्यानांत घ्यावी. व्हरमाँट प्रांतांतील जेरिको या लहानशा गांवीं तो राही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यानें १८८५ च्या जानेवारींत हिमकणाचें पहिलें चित्र घेतलें आणि १९३१ मध्यें मरेपर्यंत पांच हजारांहून अधिक हिमकण टिपून ठेविले. त्याच्या अंगणांत बर्फ पडे, म्हणून त्यानें बर्फ पाहिलें. आमच्या अंगणांत दंव पडतें. विषय देवानें दोघांसहि दारांतच आणून टाकला आहे. फरक पडला तो पाहण्यांत.

कोपीपुढची शेकोटी

आतां जो प्रसंग सांगावयाचा तो आमच्या फारसा अभिमानाचा नाहीं.

दिवाळीनंतर उसाचे गाळप सुरू झालें कीं बीड, पाथर्डीकडील तोडणीचीं कुटुंबें आमच्या बाजूस येतात आणि रानांत पाचटाच्या, कापडाच्या कोप्या घालून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. एके पहांटे अशाच एका तळावरून आम्हीं चाललों होतों. एका कोपीपुढें पाचटाची शेकोटी पेटली होती. धुरांतून उन्हाचे पट्टे उतरले होते. मागें सोडलेल्या बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. आणि एक तरुण बाई मांडीवर लेकरूं घेऊन जाळाकडे हात करून बसली होती. चित्र म्हणून याहून सुंदर कांहीं त्या हिंवाळ्यांत आमच्या दृष्टीस पडलें नाहीं. आम्हीं कॅमेरा उचलला.

तिनें पदर ओढून लेकराचें तोंड झांकलें आणि आमच्याकडे न पाहतांच म्हणाली, "दादा, आम्ही हितं गारठून चाललोय आन् तुम्हाला त्यात काय चांगलं दिसतंय?"

आम्हीं कॅमेरा खालीं घेतला. उत्तर आमच्याजवळ नव्हतें आणि आजहि नाहीं. थंडी आम्हांस सुंदर दिसते याचें एक कारण असें कीं, आमच्या अंगावर लोंकरीचा कोट असतो आणि घरीं बंबांत पाणी तापत असतें. हें कारण त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आम्हीं क्षमा मागितली आणि निघालों. तेवढ्यांत ती मागून म्हणाली, "काढायचाच तर नीट काढा. लुगडं बदलून येते. लेकराचाबी काढा, त्याचा एकबी नाही."

मग ती नवें लुगडें नेसून, लेकराला टोपडें घालून, तोडीवर निघालेल्या धन्याला थांबवून, कोपीपासून दूर एका आंब्याखालीं ताठ उभी राहिली. अगदीं आमच्या मातोश्रींसारखी! आम्हीं तें चित्र घेतलें, गांवांतून मोठें छापून आणलें आणि चार दिवसांनीं नेऊन दिलें. शेकोटीचें चित्र आमच्यापाशीं नाहीं आणि तें नाहीं याचें आतां दुःखहि नाहीं. ज्यांच्या घरीं समारंभाचें एकहि चित्र नसतें त्यांना आधीं तें हवें असतें. आणि रोजचें चित्र हवेंसें वाटणें ही समारंभांच्या चित्रांनीं कपाट भरलेल्यांची चैन आहे, हें ज्ञान आम्हांस त्या आंब्याखालीं झालें. तेव्हांपासून माणसाचें चित्र विचारल्यावांचून घ्यावयाचें नाहीं, आणि घेतल्यास त्याची प्रत त्याला पोंचविल्यावांचून राहावयाचें नाहीं, असे दोन नियम आम्हीं स्वतःस घालून घेतले आहेत.

पेमगिरीचा वड

थोडें यश आल्यावर मनुष्याला मोठ्या गोष्टींचा मोह होतो. आमच्या तालुक्यांत बाळेश्वराच्या डोंगररांगेंत पेमगिरीचा किल्ला आहे. निजामशाहीच्या अखेरीस, १६३३ च्या सुमारास, शहाजीराजांनीं त्या घराण्याच्या बाल वारसाला तेथें गादीवर बसविलें, म्हणून इतिहासांत त्याचें नांव आहे. त्याच गांवच्या शिवारांत एक प्रचंड वटवृक्ष आहे. त्याचा विस्तार फुटांनीं मोजण्यांत अर्थ नाहीं. तो एकरांनींच मोजावयाचा. एका रविवारीं नातीला घेऊन आम्हीं तेथें गेलों.

सबंध वड एका चित्रांत आणण्याच्या खटपटींत आमचे दोन तास गेले. जवळून घ्यावा तर एक फांदीच यावी, दूर जाऊन घ्यावा तर हिरव्या टेंकडीसारखें कांहीं तरी दिसावें. पन्नासएक चित्रें घेऊन आम्हीं दमून एका पारंबीशीं बसलों. नात मात्र त्या वेळांत एकाच ठिकाणीं पालथी पडून होती. तिनें तीन चित्रें घेतलीं होतीं. त्यांतल्या एकांत जमिनींत नुकत्याच टेकलेल्या पारंबीचें टोंक आहे; त्यावर तिरपें ऊन आहे, आणि टोंकाशीं मातीचें एक ढेंकूळ चिकटलें आहे. वड कसा पसरतो तें त्या एका चित्रांत जितकें समजतें तितकें आमच्या पन्नासांत मिळून समजत नाहीं. मोठ्या वस्तूचें दर्शन तिच्या लहान भागांतून होतें, हें तत्त्व आम्हांस पाठ होतें. तिला तें ठाऊक नसून जमलें.

हौशी वाचकांस चार सूचना

ज्या वाचकांस व वाचक-भगिनींस हा नाद लावून घ्यावासा वाटेल त्यांच्यासाठीं अनुभवाच्या कांहीं गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट जिवाची. जुन्नर, अकोलें, संगमनेर या पट्ट्यांत बिबट्या आतां डोंगर सोडून उसांत राहूं लागला आहे. मादी पिलेंहि तेथेंच घालते. म्हणून अंधारांत एकट्यानें उसाच्या कडेनें जाऊं नये, वांकून किंवा बसून तर मुळींच राहूं नये, आणि मुलांना पुढें धांवूं देऊं नये. चांगलें फटफटल्यावर दोघां-चौघांनीं बोलत जावें. दंव तोंवर थांबतें.

दुसरी गोष्ट भिंगाची. थंड कॅमेरा एकदम स्वयंपाकघराच्या ओलसर उबेंत आणला तर त्याच्यावर बाष्प धरतें. आम्हीं असाच एकदां सरळ चुलीपुढें गेलों, भिंग अंधुक झालेलें पाहून उपरण्याच्या टोंकानें खसाखसा पुसलें, आणि उपरण्याला चिकटलेल्या वाळूनें त्यावर कायमचा ओरखडा उमटविला. कॅमेरा पिशवींतच ठेवावा, घरच्या हवेची त्यास हळूहळू संवय होऊं द्यावी, आणि पुसावयाचें तें मऊ स्वच्छ फडक्यानें.

तिसरी गोष्ट उजेडाची. सूर्य पाठीशीं घेऊन चित्र काढावें, हा जुना उपदेश समारंभांसाठीं ठीक आहे. दंव, धुकें, कोळ्याचें जाळें, शाळूचीं पानें यांच्यासाठीं मात्र सूर्य बाजूला किंवा समोर, एखाद्या खोडाच्या आड असावा. म्हणजे थेंब पेटतो आणि पान आंतून उजळतें. मोबाईलचा कॅमेरा अंधार पाहिला कीं चित्र उगाच उजळ करतो आणि पहांटेची दुपार करून टाकतो. पडद्यावर उजळ भागावर बोट टेंकून तें खालीं ओढलें कीं उजेड कमी होतो. तेवढें शिकून घ्यावें. बोटांनीं ताणून दूरची वस्तु मोठी करण्यापेक्षां दोन पावलें पुढें जावें.

चौथी गोष्ट धीराची. एकाच जागीं रोज जावें. धोबी पक्षी दूर उत्तरेंतून येऊन शेपटी नाचवीत त्याच खडकावर परत येतो. भोरड्यांचा थवा शाळूवर कोणत्या बाजूनें उतरतो आणि माळ्यावरची गोफण केव्हां सुटते, हें चार दिवस पाहिल्यावर पांचव्या दिवशीं कळतें. नव्या नव्या स्थळांच्या मागें धांवणाऱ्याला पहिला दिवसच पुन्हां पुन्हां भेटतो.

जें दिलें तें राहिलें

अशा रीतीनें तीन हिंवाळे गेले. आमच्या मोबाईलमध्यें हजारों चित्रें जमलीं. आम्हीं तीं रात्रीं अंथरुणांत पडून पाहत असूं आणि आतां आपल्या घरच्या संग्रहांत पुन्हां राहून जाणें नाहीं, असें समाधान मानीत असूं. आणि चौथ्या हिंवाळ्याच्या आरंभींच एका विहिरींत पडलेलें आकाशाचें प्रतिबिंब घेण्यासाठीं आम्हीं कांठावरून वांकलों असतां तो मोबाईल आमच्याच हलगर्जीपणानें हातांतून निसटून विहिरींत गेला. दुसरीकडे प्रत करून ठेवावी हें चिरंजीवांनीं अनेकदां सांगितलें होतें. आम्हीं 'पाहूं' म्हणत आलों होतों. तीन हिंवाळे एका बुडबुड्यांत संपले.

आठवडाभर आम्हीं नदीवर गेलों नाहीं. मग एक दिवस त्या गव्हाच्या शेतकऱ्याच्या घरीं सहज जाणें झालें. ओसरीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेंत एक चौकट टांगलेली होती. तिच्यांत दंवानें भरलेली हरभऱ्याची एक डहाळी होती. तीन वर्षांपूर्वीं आम्हींच ती छापून त्याला दिली होती आणि विसरून गेलों होतों. आमची नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "आपलं रान हाये ते, काका. पावणेरावळे आले की दाखवितो."

'रोजचंच हाये' म्हणणारा तो हाच गृहस्थ! आम्हांस बोलवेना. घरीं येऊन आम्हीं आठवूं लागलों, कोणाकोणास काय दिलें होतें. शेजारी, आप्त, शाळेंतले जुने स्नेही. मागून मागून अकरा चित्रें परत हातीं आलीं. हजारोंपैकीं तेवढींच उरलीं, आणि तीं जीं आम्हीं कागदावर उतरवून दुसऱ्यास दिलीं होतीं तींच. यापुढें प्रत्येक हिंवाळ्यांतलीं निवडक बाराच चित्रें छापावयाचीं, पाठीमागें शिसपेन्सिलीनें तिथि, तारीख व ठिकाण लिहावयाचें आणि प्रत्येकाची एक प्रत घराबाहेर द्यावयाची, असें आम्हीं ठरविलें. जुन्या काळ्या डब्याच्या फितींत बाराच चित्रें निघत. आम्हीं फिरून त्याच आंकड्यावर आलों आहों. फरक एवढाच, कीं आतां त्या बारांत पाहुणे नाहींत.

कपाटांत पांचवा संग्रह आला आहे. त्याचें पहिलें पान नातीचें आहे. गेल्या धुंधुरमासांतील एका पहांटे तिनें तें चित्र कोणास न सांगतां घेतलें; नियम मोडल्याबद्दल मागाहून आजीची परवानगीहि घेतली. खिडकींतून आलेला उन्हाचा एक पट्टा ओट्यावर पडला आहे. आमच्या सौभाग्यवती खिचडीवरचें झांकण काढीत आहेत, वाफ त्या उन्हांत वर चढत आहे आणि त्यांचा चेहरा त्या वाफेआड अर्धामुर्धा दिसतो आहे. नथ नाहीं, शालू नाहीं. पदर खोंचलेला आहे. "असला कसला ग फोटो काढलास? माझे केस तरी बघ!" असें त्या आजहि म्हणतात.

चित्राच्या मागें नातीनें तारीख घातली आहे आणि खालीं दोनच शब्द लिहिले आहेत: 'रोजची आजी.' आमच्या मातोश्रींचें असें एक चित्र असतें तर त्याच्यासाठीं आम्हीं काय दिलें नसतें! वाचकहो, उद्यां सकाळीं आपल्या घरांत काय काय रोजचें आहे तें एकदां पाहून घ्या.